लाडनावांचा इतिहास : विदर्भातील पाळीव प्राण्यांची नावे आणि माणसाचे नाते

सारांश

माणूस आपल्या सहवासातील प्राण्यांना जी लाडाची, गमतीची वा थट्टेची नावे देतो ती वरवर पाहता क्षुल्लक वाटतात. परंतु या नावांत त्या त्या काळाची शेतीव्यवस्था, धर्मकल्पना, राजसत्ता, भाषासंपर्क आणि सामाजिक विषमता यांच्या खुणा उमटलेल्या असतात. प्रस्तुत शोधनिबंधात नागपूर व विदर्भ परिसर केंद्रस्थानी ठेवून, आवश्यक तेथे उर्वरित महाराष्ट्रातील उदाहरणे घेऊन, प्राण्यांच्या लाडनावांचा ऐतिहासिक आढावा घेतला आहे. नाव दिल्याने प्राण्याला काय मिळते आणि नाव न मिळालेल्याचे काय होते, हा या विवेचनाचा मुख्य प्रश्न आहे.

बीजशब्द : लाडनाव, पोळा, तान्हा पोळा, खंड्या, वाघ्या, टॉमी, जय, अवनी, समुदायातील प्राणी.

प्रस्तावना

इतिहासाच्या अभ्यासात प्राणी बहुधा संख्येने येतात. अमुक लढाईत इतके घोडे, अमुक सरदाराकडे इतके हत्ती, अमुक गावी इतकी गुरे अशा नोंदी आपण वाचतो. त्या घोड्याला त्याचा मोतद्दार कोणत्या नावाने हाक मारीत असे, त्या बैलाला सालदार काय म्हणत असे, हे सहसा कागदावर येत नाही. लाडनाव ही बोलण्याची वस्तू आहे, लिहिण्याची नव्हे. म्हणूनच इतिहासकाराच्या हाती ते क्वचित लागते. मात्र जेथे लागते तेथे सनद वा फेरिस्त जे सांगू शकत नाही ते सांगून जाते.

इंग्रज इतिहासकार कीथ थॉमस यांनी १९८३ मध्ये प्रकाशित केलेल्या आपल्या ग्रंथात लाडक्या प्राण्याची तीन लक्षणे सांगितली आहेत. त्याला घरात प्रवेश असतो, त्याला स्वतंत्र नाव असते आणि तो खाल्ला जात नाही. यांपैकी दुसरे लक्षण येथे विशेष महत्त्वाचे आहे. ‘कुत्रा’ हा शब्द जातीवाचक आहे, ‘मोत्या’ हा शब्द एका जिवाचा आहे. जातीवाचक शब्दाकडून विशेषनामाकडे होणारा हा प्रवास म्हणजेच प्राण्याचा माणसाच्या समाजात होणारा प्रवेश होय.

तथापि या प्रवेशाला अटी असतात. त्या अटी कोणत्या व त्या काळानुसार कशा बदलल्या, हे पाहणे हे प्रस्तुत निबंधाचे उद्दिष्ट आहे.

नामकरणाची प्राचीन परंपरा

प्राण्यांना नावे देण्याची प्रथा जगभर फार जुनी आहे. इजिप्तमधील राजा इंतेफ दुसरा याच्या सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या शिलापटावर त्याच्या कुत्र्यांच्या आकृती नावांसह कोरलेल्या आढळतात. ग्रीक लेखक झेनोफोन याने शिकारीवरील आपल्या ग्रंथात कुत्र्यांची नावे आखूड असावीत, म्हणजे हाक मारणे सोपे जाते, असा सल्ला देऊन सत्तेचाळीस नावांची यादीच दिली आहे. हा सल्ला आजही कोणत्याही गल्लीत पाळला जातो; चार अक्षरांच्या नावाचा कुत्रा सहसा दोन अक्षरांवरच येऊन थांबतो.

भारतीय परंपरेत ऋग्वेदातील सरमा ही देवशुनी नामांकित आहे. तिचे वंशज असलेले यमाचे दोन कुत्रे पुढील वाङ्मयात श्याम आणि शबल या नावांनी ओळखले जातात. श्याम म्हणजे काळा आणि शबल म्हणजे ठिपक्यांचा वा चित्रविचित्र रंगाचा. प्रत्यक्ष मृत्युदेवतेचे हे द्वारपाल नावापुरते पाहिले तर आपल्या आळीतील काळू आणि ठिपक्या यांचेच पूर्वज ठरतात. गायींच्या नावांतही ‘कपिला’ हे नाव तांबूस-पिंगट रंगावरून आलेले आहे. याचा अर्थ असा की, रंगावरून नाव ठेवण्याची रीत अडाणीपणाची नसून ती अत्यंत प्राचीन आहे.

याच परंपरेत एक लक्षणीय अपवाद आहे. महाभारताच्या महाप्रास्थानिक पर्वात युधिष्ठिराबरोबर अखेरपर्यंत चालत गेलेल्या कुत्र्याला नाव नाही. ज्याच्यासाठी धर्मराजाने स्वर्ग नाकारला तो निनावीच राहिला. महाराष्ट्रातील संतचरित्रांतही नामदेवांची भाकरी घेऊन पळालेला कुत्रा आणि एकनाथांनी गंगाजल पाजलेले गाढव निनावी आहेत. संतांची करुणा नावाची वाट पाहत नाही. सामान्य माणसाचे प्रेम मात्र नावाशिवाय सुरू होत नाही. करुणेचे हे दोन प्रकार पुढील विवेचनात पुन्हा पुन्हा समोर येतील.

लाडनावांची भाषिक घडण

मराठीत प्राण्यांची लाडनावे घडविण्याच्या काही ठरावीक रीती आहेत. पहिली रीत ‘-या’ या प्रत्ययाची. ढवळ्या, पवळ्या, मोत्या, वाघ्या, खंड्या, टिप्या, भुऱ्या ही नावे या प्रत्ययाने सिद्ध होतात. दुसरी रीत ऱ्हस्व-दीर्घ उकाराची. काळू, तांबू, मिठू, राघू ही तिची उदाहरणे. तिसरी रीत स्त्रीलिंगी ईकाराची. मनी, चिंगी, हरणी, मोरी, चांदी. चौथी रीत अनुकरणवाचक आहे. माऊ, चिऊ, काऊ ही नावे प्राण्याच्या आवाजावरूनच घेतली आहेत. म्हणजे येथे माणसाने प्राण्याला नाव दिलेले नाही. प्राण्याने स्वतःचे सांगितलेले नाव माणसाने मान्य केले आहे.

पाचवी रीत नात्याची व आदराची आहे. चिऊताई, माकडदादा, मनीमावशी, कोल्होबा, वाघोबा या संबोधनांत प्राण्याला कुटुंबातील किंवा देवघरातील स्थान दिले जाते. ‘-ओबा’ हा प्रत्यय विठोबा, खंडोबा, म्हसोबा या दैवतांच्या नावांत येतो, तोच वाघोबातही येतो. येथे लाड आणि भय यांची सीमारेषा पुसट होते. घरातल्या मांजरीला ‘मनी’ म्हणणे हा लाड आहे. रानातल्या वाघाला ‘वाघोबा’ म्हणणे ही विनवणी आहे.

नागपूरची भाषिक स्थिती या बाबतीत वेगळी आहे. १८६१ पासून हे शहर मध्य प्रांताची राजधानी होते आणि १९५६ मध्ये मुंबई राज्यात समाविष्ट होईपर्यंत येथील कारभारात मराठी व हिंदी शेजारी नांदत होत्या. परिणामी पश्चिम महाराष्ट्रातील मोत्या येथे अनेकदा मोती होतो, काळ्याचा कालू होतो, आणि शेरू, भुरू, छोटू ही हिंदी वळणाची नावे मराठी घरांतही परकी वाटत नाहीत. एकाच अंगणात गाय ‘कपिला’, मांजर ‘मनी’ आणि कुत्रा ‘शेरू’ असणे ही नागपुरी घराची स्वाभाविक रचना आहे.

गोठा आणि पोळा

फ्रेंच मानवशास्त्रज्ञ क्लोद लेव्ही-स्ट्रॉस यांनी १९६२ च्या आपल्या सुप्रसिद्ध ग्रंथात प्राण्यांच्या नावांविषयी एक सिद्धान्त मांडला आहे. त्यांच्या निरीक्षणानुसार फ्रेंच समाजात पक्ष्यांना सहजपणे माणसांची नावे दिली जातात, कारण पक्ष्यांचा समाज माणसांपासून वेगळा, पण त्याच्याशी समांतर मानला जातो. कुत्रे माणसांच्याच घरात राहतात. म्हणून गोंधळ टाळण्यासाठी त्यांना नाटकातल्या पात्रांसारखी निराळी नावे देतात. गुरांना रंग, चाल, स्वभाव यांवरून वर्णनात्मक नावे मिळतात, कारण ती वस्तूप्रमाणे वापरली जातात. शर्यतीच्या घोड्यांची नावे तर पूर्णतः स्वैर असतात.

हा सिद्धान्त आपल्याकडे लावून पाहिला असता अर्धा जुळतो व अर्धा मोडतो. पोपटाच्या बाबतीत तो जुळतो. ‘राघू’ हे राघव या नावाचेच लाडके रूप आहे, आणि पिंजऱ्यातल्या पोपटाला देवाचे वा माणसाचे नाव देण्यात कोणालाही संकोच वाटत नाही. गुरांच्या बाबतीतही प्रथमदर्शनी तो जुळतो. ढवळ्या हे ‘धवल’ म्हणजे पांढऱ्या रंगावरून, पवळ्या हे पोवळ्याच्या रंगावरून, तांबू तांबड्या रंगावरून, तर चांदी हे कपाळावरच्या पांढऱ्या ठिपक्यावरून आलेले नाव. वर्धा-नागपूर पट्ट्यातील गवळाऊ जातीची जनावरे प्रामुख्याने पांढरी वा राखी असल्याने या भागात पांढऱ्या रंगाची नावे जागोजागी ऐकू यावीत हे साहजिकच आहे. ‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला’ ही म्हण तर बैलांच्या या दोन नावांना माणसांच्या स्वभावाचे मापच करून टाकते.

परंतु बैल ही केवळ वापराची वस्तू आहे, हा त्या सिद्धान्तातील अभिप्राय पोळ्याच्या सणापुढे टिकत नाही. श्रावण अमावास्येला येणाऱ्या पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे हळद व लोणी लावून शेकले जातात आणि त्यांना दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे रीतसर आवतण दिले जाते. आवतण वस्तूला देत नाहीत. सणाच्या दिवशी कासरा सैल होतो, जू उतरते, शिंगांना बेगड लागते, अंगावर झूल चढते आणि तोरणाखाली जोड्या उभ्या राहतात. विदर्भात या वेळी झडत्या म्हणण्याची प्रथा आहे. त्यांतून सावकार, पाटील, पाऊस, सरकार या सर्वांची खबर घेतली जाते. बैलाच्या निमित्ताने माणूस वर्षभराचे बोलून घेतो.

याच गोठ्यात रंगावरून नाव पडलेल्या ढवळ्याच्या शेजारी ‘सर्जा’ आणि ‘राजा’ ही जोडी आढळते. ही नावे वर्णनात्मक नाहीत. ती पदव्या आहेत. ज्याच्या घरी दोन वेळची भ्रांत, त्याच्या गोठ्यात राजा. या नावात थट्टा नाही असे नाही, पण त्याहून अधिक अभिमान आहे. दुसरी एक बाबही ध्यानात घेतली पाहिजे. बैलाची मालकी शेतमालकाची असली तरी त्याला रोज हाक मारणारा बहुधा सालदार असे. सातबाऱ्यावर वा कर्जाच्या खतात सालदाराचे नाव नसे. मात्र बैलाचे नाव त्याने ठेवलेले असे आणि बैल त्याच्याच आवाजाला वळत असे. मालकी कागदाची आणि नाव हाकेचे, अशी ही विभागणी होती.

नागपूर व विदर्भाचे खास वैशिष्ट्य म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा तान्हा पोळा. नागपूरकर भोसले घराण्यातील दुसरे रघूजी यांनी लहान मुलांसाठी लाकडी बैलांचा हा पोळा सुरू केला, अशी परंपरा सांगितली जाते. मुले लाकडी बैल सजवून घरोघरी नेतात व त्यांना बोजारा म्हणून खाऊ वा पैसे मिळतात. शहरात ज्यांच्या घरी गोठा उरला नाही त्यांच्याकडेही हा बैल असतो आणि मूल त्याचेही नाव ठेवते. नांगर न ओढणारा, चारा न मागणारा हा बैल केवळ नावाने आणि सजावटीने जिवंत होतो. ट्रॅक्टर आल्यावर गोठे ओस पडले, पण नाव देण्याची सवय लाकडात टिकून राहिली.

दरबार, समाधी आणि लिलाव

मराठेशाहीतील ज्या कुत्र्याचा उल्लेख इतिहासात हमखास केला जातो तो छत्रपती शाहू महाराजांचा. ग्रँट डफ यांनी १८२६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या इतिहासात ही हकीकत दिली आहे. वाघाच्या शिकारीत या कुत्र्याने महाराजांचे प्राण वाचविले. महाराजांनी त्याला जहागीर व पालखीचा मान सनदेने दिला. एकदा तर दोन सरदारांच्या भेटीच्या वेळी भर दरबारात त्याच्या अंगावर जरीची जवाहिरे जडविलेली वस्त्रे घालून आपले पागोटे त्याच्या मस्तकी ठेवले. ग्रँट डफ यांनी हा लहरीपणा म्हणून नोंदविला आहे. साताऱ्याच्या परंपरेत मात्र हा कुत्रा ‘खंड्या’ या नावाने जिवंत आहे आणि संगम माहुली येथे त्याची समाधी दाखविली जाते. नागपूरच्या भोसल्यांना वऱ्हाड व गोंडवनातील अधिकार याच शाहू महाराजांकडून मिळाले होते. म्हणजे ज्या दरबारातून सरदारांना सनदा मिळत, त्याच दरबारातून खंड्यालाही सनद मिळाली.

खंड्या हे नाव खंडोबावरून आले असावे, हे सहज लक्षात येते. खंडोबाच्या उपासनेत कुत्र्याला मान आहे आणि त्याचे भक्त असलेले वाघ्ये स्वतःला देवाचे कुत्रे म्हणवितात. कुत्र्याला दिलेले ‘वाघ्या’ हे नावही त्याच कुळातले. म्हणून ही दोन नावे केवळ लाडाची नव्हेत; कुत्र्याला खालचा मानणाऱ्या समाजाने त्याला देवाच्या दारी दिलेली ती जागा आहे.

रायगडावरील ‘वाघ्या’चे प्रकरण याहून निराळे आहे. छत्रपती शिवाजी महाराजांच्या चितेत उडी घेणाऱ्या स्वामिनिष्ठ कुत्र्याची कथा लोकप्रिय असून राम गणेश गडकरी यांच्या ‘राजसंन्यास’ या नाटकामुळे ती दूरवर पोहोचली. गडावरील स्मारक १९३६ चे आहे; समकालीन साधनांत मात्र या कुत्र्याला आधार सापडत नाही. हा पुतळा २०१२ मध्ये काही काळ हटविण्यात आला होता व पुन्हा बसविण्यात आला. २०२५ मध्येही त्यावरून वाद झाला. या वादाच्या कोणत्याही बाजूस न जाता एवढे म्हणता येईल की, ‘एक कुत्रा’ म्हणून सांगितलेली कथा विस्मृतीत गेली असती. ‘वाघ्या’ म्हणून सांगितल्यामुळे ती टिकली. नाव हा पुरावा नव्हे, पण ते स्मृतीला आधार देते. इतिहासकाराने हे दोन्ही ओळखले पाहिजे.

याच्या नेमका उलट प्रसंग नागपूरच्या इतिहासात आहे. तिसरे रघूजी भोसले ११ डिसेंबर १८५३ रोजी निधन पावले आणि दत्तक नामंजूर करून डलहौसीने संस्थान खालसा केले. त्यानंतर राजवाड्यातील मौल्यवान वस्तूंबरोबरच भोसल्यांचे हत्ती, उंट, घोडे व बैलही सीताबर्डी येथे लिलावात काढण्यात आले आणि ते अत्यल्प किमतीला गेले. राणी बांकाबाईंसह राजस्त्रियांनी या विक्रीविरुद्ध रोष व्यक्त केला. दरबारात प्राणी नावाने ओळखला जातो. लिलावात तो क्रमांकाने व किमतीने ओळखला जातो. राज्य गेल्याची खूण ध्वज उतरण्यात जशी असते, तशी ती या बदलातही असते. ज्या हत्तीला काल माहूत नावाने बोलावीत होता तो आज जिन्नस झाला.

वसाहतकाळ आणि ‘टॉमी’

कामठी येथे १८२१ मध्ये इंग्रजांची छावणी वसली आणि पुढे नागपूरला सिव्हिल लाइन्सचे बंगले उभे राहिले. या बंगल्यांबरोबर विलायती जातीचे कुत्रे आणि त्यांची नावेही आली. टॉमी, टायगर, जॅकी, रॉकी ही नावे हळूहळू बंगल्यांतून वाड्यांत, वाड्यांतून चाळींत आणि शेवटी गावाच्या वेशीपर्यंत पोहोचली.

‘टॉमी’ या नावाविषयी एक आकर्षक समज प्रचलित आहे. गोऱ्या शिपायाला ‘टॉमी’ म्हणत. त्याचा सूड म्हणून हिंदी लोकांनी कुत्र्यांना ते नाव दिले, असे सांगितले जाते. ब्रिटिश शिपायासाठी हा शब्द रूढ होता हे खरे. तथापि ‘टॉमी’ हे मुळात थॉमस या इंग्रजी नावाचे साधे घरगुती रूप आहे. त्यामुळे सुडाची कथा स्वीकारण्यापूर्वी सरळ अनुकरणाची शक्यता अधिक गंभीरपणे घ्यावी लागते. साहेबाचा कुत्रा पाहून आपल्या कुत्र्याला साहेबी नाव देण्यात प्रतिष्ठेची हौस होती. गंमत अशी की, गायीला कोणी ‘मेरी’ म्हटले नाही आणि बैलाला ‘जॉन’ म्हटले नाही. इंग्रजीने कुत्रा जिंकला. गोठा तिला जिंकता आला नाही. याचे कारण उघड आहे. कुत्र्याकडे पाहण्याची नवी रीत बंगल्यातून आली होती, गोठ्याची रीत मात्र पोळ्याने बांधलेली होती.

माणसांची नावे, जनावरांची नावे

या विषयाची एक बाजू गोड नाही आणि ती टाळून लाडनावांचा इतिहास प्रामाणिकपणे लिहिता येणार नाही. ज्या ‘-या’ प्रत्ययाने ढवळ्या आणि मोत्या घडतात त्याच प्रत्ययाने राम्या, गोप्या, धोंड्या, कचऱ्या ही माणसांची नावेही घडतात. बरोबरीच्या मित्राने मारलेली ‘राम्या’ ही हाक जिव्हाळ्याची असते. वरच्या जातीच्या पोराने खालच्या जातीच्या वृद्धाला त्याच प्रत्ययाने पुकारणे हा अपमान असतो. प्रत्यय एकच, तो कोण कोणाला लावतो यावर त्याचा अर्थ ठरतो. प्राण्याच्या बाबतीत हा प्रश्न उद्भवत नाही, कारण प्राणी उलट नाव ठेवू शकत नाही. माणसालाही तीच अवस्था भोगायला लावणे हे जातिव्यवस्थेचे एक रोजचे हत्यार होते.

ही अवस्था अनादि नव्हती. भीमा-कोरेगावच्या स्तंभावर कोरलेल्या महार सैनिकांच्या नावांना ‘नाक’ हा प्रतिष्ठेचा प्रत्यय जोडलेला दिसतो. पुढे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्यानंतरच्या पिढ्यांत सिद्धार्थ, गौतम, राहुल, आनंद, सुजाता, यशोधरा ही नावे घरोघरी आली. ज्यांना इतरांनी नावे ठेवली होती त्यांनी स्वतः नाव निवडण्याचा अधिकार घेतला. दीक्षाभूमीच्या या शहरात लाडनावाचा अभ्यास करताना हे स्मरण ठेवणे आवश्यक आहे. लाड आणि हीनत्व एकाच शब्दात राहू शकतात. फरक असतो तो उच्चारणाऱ्याच्या अधिकारात आणि ऐकणाऱ्याच्या संमतीत.

जंगलातील लाडनावे

विदर्भात लाडनावांनी अलीकडच्या काळात घराची वेस ओलांडली व ती जंगलात गेली. त्याची वाट साहित्याने आधीच दाखविली होती. व्यंकटेश माडगूळकर यांच्या ‘सत्तांतर’ (१९८२) या कादंबरीतील वानरे आपापल्या खुणांवरून व स्वभावांवरून नावे घेऊन वावरतात. मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांनी वनसेवेत आयुष्य घालवून रानातल्या माणसांनी पक्ष्यांना, झाडांना दिलेली नावे परिश्रमाने मराठीत आणली. गडचिरोली जिल्ह्यातील हेमलकसा येथे १९७३ मध्ये सुरू झालेल्या लोकबिरादरी प्रकल्पात डॉ. प्रकाश आमटे यांच्याभोवती अनाथ वन्यप्राण्यांचे जे गोकुळ उभे राहिले, त्यात बबली नावाची वानरी होती, राणी नावाचे अस्वल होते. विलास मनोहर यांच्या ‘नेगल’ या पुस्तकाचे शीर्षकच तेथील एका बिबट्याचे नाव आहे. शिकार हा ज्यांच्या पोटाचा भाग होता त्या परिसरात प्राण्याला नाव मिळणे म्हणजे त्याला अभय मिळणे होते. कीथ थॉमस यांचे दुसरे आणि तिसरे लक्षण येथे प्रत्यक्ष एकत्र आलेले दिसते.

व्याघ्रपर्यटनाने या प्रथेला वेगळे वळण दिले. नागझिऱ्यातील दोन भावांना १९७५ च्या ‘शोले’ चित्रपटावरून जय आणि वीरू ही नावे मिळाली. त्यांपैकी जय २०१३ मध्ये लांबचे अंतर तोडून उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात आला आणि देशभर प्रसिद्धीस पावला. गळ्यात रेडिओ कॉलर असूनही एप्रिल २०१६ नंतर तो दिसला नाही. त्याच्या शोधासाठी माणसे तळमळली, कारण तो ‘एक वाघ’ नव्हता, तो जय होता. त्याचा वंशज मानला गेलेला श्रीनिवास २०१७ मध्ये नागभीड परिसरात शेताभोवतीच्या वीजप्रवाहाने मरण पावला.

यवतमाळ जिल्ह्यातील वाघिणीचे प्रकरण अधिक बोलके आहे. वनविभागाच्या कागदात ती ‘टी-१’ होती. प्राणिप्रेमींच्या तोंडी ती ‘अवनी’ होती. तेरा माणसांच्या मृत्यूचा ठपका तिच्यावर होता. २ नोव्हेंबर २०१८ रोजी ती मारली गेली तेव्हा शहरांत ‘अवनी’साठी शोक झाला आणि बाधित गावांत सुटकेचा निःश्वास सोडला गेला. शहराला वाघिणीचे नाव ठाऊक होते. मृत गुराख्यांची व शेतकऱ्यांची नावे मात्र त्या शहरांतील फार थोड्यांना ठाऊक होती. नाव देणे म्हणजे करुणेला दिशा देणे होय. आणि दिशा दिली की दुसरी बाजू अंधारात जाते. याचा अर्थ वाघिणीला नाव देऊ नये असा नाही. मृतांचीही नावे तितक्याच आवाजात घ्यावीत, एवढाच आहे.

ताडोबाच्या बाबतीत इतिहासाने एक विलक्षण वर्तुळ पूर्ण केले आहे. स्थानिक परंपरेनुसार ताडोबा हे नाव तारू या गोंड प्रमुखावरून आले. तो वाघाशी झुंजताना मारला गेला आणि तलावाकाठी देव म्हणून पुजला गेला. जंगलाला वाघाने मारलेल्या माणसाचे नाव आहे, आणि आज त्याच जंगलातील वाघांना माणसांची नावे आहेत. आदिवासींनी माणसाला देव केले, वाघाचे भय मानले आणि दोघांनाही आदराचे स्थान दिले. पर्यटकाने वाघाला लाडनाव दिले. त्यात आदर किती व हौस किती, हे ज्याचे त्याने ठरवावे.

गल्लीतील नामधारी

शेवटचा प्रश्न शहराच्या रस्त्यावरचा आहे. नागपूरच्या कोणत्याही मोहल्ल्यात असा एखादा कुत्रा असतो की ज्याला मालक नाही, पण नाव आहे. चहाच्या टपरीवर तो ‘कालू’ असतो, समोरच्या शाळेतील मुलांना तो ‘राजा’ असतो आणि वरच्या मजल्यावरील आजीसाठी ‘बाळ्या’. तीन नावांना ओळखणारा हा जीव कायद्याच्या दृष्टीने मात्र दीर्घकाळ केवळ ‘भटका’ होता. २००१ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांच्या जागी २०२३ मध्ये आलेल्या नव्या नियमांनी अशा प्राण्यांसाठी ‘समुदायातील प्राणी’ ही संज्ञा वापरली, हा केवळ शब्दबदल नाही.

या संज्ञेची कसोटी नागपुरातच लागली होती. ऑक्टोबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने, ज्यांना मोकाट कुत्र्यांना खाऊ घालायचे आहे त्यांनी ती रीतसर दत्तक घेऊन महानगरपालिकेत नोंदवावीत, असा आदेश दिला. नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या भागास स्थगिती दिली. ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्ली परिसरातील कुत्र्यांच्या निमित्ताने हाच प्रश्न पुन्हा देशापुढे आला. कुत्र्याच्या चाव्याने व रेबीजने होणारे मृत्यू खरे आहेत आणि त्यांत गरिबांची मुले अधिक सापडतात. म्हणून केवळ भावनेने याचे उत्तर मिळणार नाही. परंतु प्रश्नाचा गाभा जुनाच आहे. हाकेचे नाव असणे पुरेसे आहे, की कागदावरचे नाव लागते? सालदाराने बैलाला दिलेले नाव कर्जाच्या खतात चालत नसे. टपरीवाल्याने कुत्र्याला दिलेले नाव नोंदवहीत चालत नाही. नाव देणारा जबाबदारी घेईल काय, असे न्यायव्यवस्था विचारते, आणि हा प्रश्न अन्यायाचा नाही. ज्याला आपण ‘राजा’ म्हणतो त्याचे लसीकरण व निर्बीजीकरण करण्याची तसदी घेत नसू, तर ते नाव लाडाचे नसून केवळ करमणुकीचे ठरते.

निष्कर्ष

१. मराठीतील प्राण्यांची लाडनावे रंग, खूण, स्वभाव, दैवत, पदवी, नाते आणि आवाज या आधारांवर घडतात. रंगावरून नाव ठेवण्याची रीत वैदिक वाङ्मयापासून आजच्या गल्लीपर्यंत अखंड आहे.

२. गुरे वस्तूप्रमाणे पाहिली जातात म्हणून त्यांची नावे वर्णनात्मक असतात, हा लेव्ही-स्ट्रॉस यांचा विचार पोळ्याच्या संस्कृतीला पूर्णपणे लागू पडत नाही. येथे बैल श्रमाचे साधन आहे आणि आवतण घेणारा पाहुणाही आहे.

३. वसाहतकाळातील इंग्रजी नावांनी कुत्र्यांच्या नामकरणावर प्रभाव टाकला, पण कृषिजीवनाशी बांधलेल्या गोठ्यावर त्यांचा परिणाम झाला नाही.

४. लाडनाव हे सत्तेच्या संबंधातून कधीच मुक्त नसते. तोच प्रत्यय प्राण्यासाठी जिव्हाळा आणि माणसासाठी अवहेलना ठरू शकतो.

५. नाव मिळाल्याने प्राण्याला स्मृती, शोक आणि कधी कधी अभय मिळते. त्याच वेळी निनावी राहिलेले प्राणी व माणसे दृष्टीआड होण्याचा धोका असतो.

सीताबर्डीच्या लिलावात नावे हरवली आणि क्रमांक उरले. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी त्याच शहरातील मूल लाकडाच्या तुकड्याला नाव देऊन त्याचा बैल करते. या दोन टोकांच्या मध्ये माणसाचा प्राण्यांशी असलेला सारा व्यवहार सामावलेला आहे. नाव द्यावे की नाही हा प्रश्न आपल्यापुढे नाही. तो आपण बालपणीच सोडवून टाकतो. दिलेल्या नावाला आयुष्यभर जागावे की नाही, एवढाच प्रश्न उरतो. खंड्याची पालखी निघाली तेव्हा दरबार हसला असेल. पण शाहू महाराज आपण दिलेल्या शब्दाला जागले होते.